चार ट्रक आणि एक शिक्का

तीर्थरूप आत्यास,

सप्तांग नमस्कार. आठवं अंग, म्हणजे उजवा पाय, सध्या बँडेजात आहे आणि तो कुठेही टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा तेवढं माफ कर.

तुझे गुडघे कसे आहेत? मांजर परत आलं का? वरच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलणं सुरू झालं, की अजून जिन्यात समोरासमोर आलात की दोघी भिंतीकडे बघून जाता? (तू आधी बोलणार नाहीस हे मला माहीत आहे. आपल्या घराण्यात आधी कोण बोललंय?) इकडे सगळं छान आहे. तुझी भाचेसून मजेत आहे, म्हणजे गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृती उत्तम. आणि हो, तू गाव सोडताना माझ्या हवाली केलेलं तुझं अकॉर्डियन अगदी सुखरूप आहे. हे आपलं सहज सांगितलं. पत्राला तसं काही कारण नाही. पाय वर करून बसल्यावर माणूस दुसरं काय करणार, म्हणून लिहायला घेतलं.

तर आमच्या गोदामात यंदा भलतंच घडलं. तुला ठाऊकच आहे, बावीस वर्षं मी शिक्षण खात्याचा भांडारपाल आहे आणि बावीस वर्षं सरकारी शाळांना बाकं, फळे, खडू आणि क्वचित एखादा पृथ्वीचा गोल यापलीकडे मी काही पाठवलेलं नाही. यंदा मात्र एक बटणांच्या कारखान्याचा मालक वारला आणि जाताना त्याने सगळी इस्टेट सरकारी शाळांतल्या गाण्या-वाजवण्यासाठी आणि चित्रांसाठी ठेवली. का, तर तो शाळेत असताना शाळेकडे एकच ड्रम होता आणि तो हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असायचा. बिचाऱ्याने सात वर्षं तो किल्लीच्या भोकातून पाहिला! आता त्याच्या नावाचं एक मंडळ आहे, पाच म्हातारे, पाचही तुझ्याइतके कडक. त्यांच्या अटी दोन. एक, मंडळ फक्त साहित्य देणार, माणसाचा पगार देणार नाही. दोन, वाटपानंतर चाळिसाव्या दिवशी मंडळ स्वतः येणार, मुलांची चित्रं भिंतीवर दिसली पाहिजेत आणि मुलांनी एक धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवली पाहिजे. नाही जमलं, तर सगळं सामान उचलून दुसऱ्या गावाला. आमच्या साहेबांनी दोन्ही अटी न वाचता सही केली. (साहेब वाचत नाहीत, पण सही फार देखणी करतात.)

सामान आलं आणि आत्या, मी वेडाच झालो. खोके उघडतोय तर व्हायोलिन! पुन्हा उघडतोय तर बासऱ्या! रंगांच्या बाटल्या, ब्रश, झांजा, गिटारी, कुंभाराची चाकं. एरवी खडूच्या पुड्यात नाक खुपसून बसणारे आमचे दोन हमाल डफली वाजवत गोदामभर नाचले, आणि साहेबांनी धूळ पुसायच्या निमित्ताने एक झांज घेऊन तीत आपला चेहरा बराच वेळ पाहिला. पण काम ते काम. माझी सामान भरायची पद्धत तुला माहीत आहे, तिच्याबद्दल मला प्रशस्तिपत्रकही आहे (बैठकीच्या खोलीत, घड्याळाखाली). लांब सामान लांबाबरोबर, गोल गोलाबरोबर, चपटं चपट्याबरोबर. त्यामुळे गाडीत काही हलत नाही आणि बावीस वर्षांत एक फळा फुटलेला नाही. त्याप्रमाणे मी चार ट्रक भरले. लांब ट्रकात बासऱ्या, ब्रश, ड्रमच्या काठ्या आणि व्हायोलिनचे गज. गोल ट्रकात ड्रम, झांजा, डफल्या, चाकं आणि रंगांच्या बाटल्या. चपट्यात कागद आणि चित्रांचे फळे. आणि चौथ्या ट्रकात ‘इतर’, म्हणजे व्हायोलिन, गिटारी वगैरे ज्यांच्या आकाराचं काही धड सांगता येत नाही ते. प्रत्येक ट्रकाने चारही शाळांत जायचं आणि पाव पाव सामान उतरवायचं. यात काही चूक आहे का? तूच सांग. काहीही चूक नाही.

चूक पावतीत होती. कागदाची बचत व्हावी म्हणून मीच गेल्या वर्षी पावतीवर शिक्क्याला एकच चौकोन ठेवला होता. बाकं नेताना एक ट्रक एकाच शाळेत जातो, तेव्हा चौकोन एक पुरतो. पण आमचे ड्रायव्हर कागदाला देव मानणारे. शिक्का पडला की पावती पूर्ण, पावती पूर्ण की गाडी रिकामी करायची, हा त्यांचा धर्म. चौघेही आपापल्या पहिल्या शाळेत गेले. तिथल्या हेडमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा दारात बाकांखेरीज कशाने तरी भरलेला ट्रक पाहिला आणि तो पुढे जायच्या आत धावत येऊन शिक्का मारला. दुपारी चारही ट्रक रिकामे परत आले. एकही वस्तू फुटली नव्हती. मी हमालांना चहा पाजला, आत्या! स्वतःच्या हाताने पाजला!

तिसऱ्या दिवशी बोंब झाली. बाजारातल्या शाळेत गेलो, तर मैदानात चाळीसेक पोरं हातात गज आणि ड्रमच्या काठ्या घेऊन रांगेत उभी. कवायतीच्या मास्तरांना वाटलं हे सगळं त्यांच्याचसाठी आलंय. टेकडीवरच्या शाळेत सेहेचाळीस ड्रम आणि काठी एकही नाही, म्हणून पोरं पट्ट्या, चमचे आणि कंपासपेट्यांनी वाजवत होती, आणि शेजारचा कोंबडीवाला फाटकाशी उभा राहून कोंबड्यांनी अंडी देणं थांबवल्याचं ओरडून सांगत होता, पण ते त्याच्याशिवाय कुणाला ऐकू जात नव्हतं. गिरणीजवळच्या शाळेत कागदाचे डोंगर, ना रंग ना ब्रश, म्हणून मुलांनी विटांच्या तुकड्यांनी चित्रं काढली होती. (चांगली होती. सगळी लाल, पण चांगली होती.) आणि पुलापलीकडच्या शाळेत, म्हणजे तुझ्या शाळेत, व्हायोलिनं टेबलावर ओळीने मांडून मुलं ती बोटांनी टुणटुण करत होती, आणि मुख्याध्यापिका बाई त्यांना हे असंच वाजवायचं असतं असं समजावत होत्या. त्यांना खरं माहीत होतं बरं का, पण मुलं हिरमुसतील म्हणून बोलल्या नाहीत.

मी म्हटलं, त्यात काय, अदलाबदल करू. कसली अदलाबदल! चारही शाळांचं म्हणणं एकच, शिक्का पडला आहे. साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, सामान परत घ्यायला परतीचा फॉर्म लागतो आणि तसा फॉर्म आपल्या खात्यात नाही. का नाही, तर आजवर खात्याने दिलेली वस्तू परत करण्याइतकी कधी टिकलीच नव्हती. मग मी स्वतःच्या जबाबदारीवर टेकडीवरच्या शाळेतून सहा ड्रम हळूच बाहेर काढले आणि पायऱ्या उतरू लागलो. म्हणजे पाच ड्रम पुढे निघून गेले, मध्ये मी, आणि सहावा, सगळ्यात मोठा, मागून आला. पायाची हकीकत ही अशी आहे. तुझ्या भाचेसुनेने विचारलं तेव्हा मी शाळेच्या कामात दुखापत झाली एवढंच सांगितलं होतं. खरं तिला कोंबडीवाल्याकडून कळलं आणि अबोला सुरू झाला तो तेव्हापासून.

तेव्हा मी पाय बादलीत घालून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, संपलं. चाळिसावा दिवस जवळ येतोय, मंडळ येणार, ट्रक लागणार, आणि ते सगळं सामान मलाच पुन्हा भरावं लागणार. खरं सांगू? नोकरीची भीती नव्हती. पण पोरांच्या हातातून व्हायोलिन काढून घ्यायचं ते मी काढणार, हे सारखं डोळ्यांसमोर येत होतं. अशात पुलापलीकडच्या मुख्याध्यापिका बाई घरी आल्या, उभ्यानेच पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “सामान हलवता येत नाही, कबूल. पण मुलं हलवायला कुठला शिक्का लागतो?”

आत्या, मी बादलीसकट उठलो! दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर चारही शाळांची मुलं आपापलं सामान काखोटीला मारून पुलापलीकडे आली. पुलावर आधी ड्रम, मागे काठ्या, मागे कागदांच्या सुरळ्या, रहदारी बंद, आणि मी एका हातगाडीवर पाय वर करून सगळ्यांच्या पुढे. मैदानात पोहोचल्यावर जे झालं ते लिहिता येत नाही तरी लिहितो. बाजारातल्या शाळेतली एक मुलगी तीन आठवडे एक गज खांद्याला लावून हिंडत होती, तिला तो कशाचा हेच माहीत नव्हतं. बाईंनी तिला एका व्हायोलिनवाल्यासमोर उभं केलं आणि गज तारांवर ठेवायला लावला. जो आवाज निघाला तो तू ऐकला असतास तर मला कायमचं सोडून गेली असतीस, इतका भयंकर. पण ती पोरगी हातभर उंच उडाली. आणि मग सगळीकडे तेच सुरू झालं, काठीला ड्रम भेटला, ब्रशला बाटली, बाटलीला कागद. मला रडू आलं. हातगाडीवाल्यालाही आलं, आणि त्याचा तर काही संबंध नव्हता.

आता चित्रांची चिंता उरलेली नाही. भिंती भरल्या, कुंपण भरलं, माझं बँडेजसुद्धा भरलं. (घोट्यावर एक बदक आहे.) अडचण धुनेची. एकशे साठ मुलं एकदम वाजवतात, फार जोरात वाजवतात, पण एकच गोष्ट वाजवत नाहीत. चार शाळांत मिळून गाणं शिकवणारं एकही माणूस नाही, आणि मंडळ म्हणतं माणूस हे साहित्यात मोडत नाही. कवायतीच्या मास्तरांनी शिट्टी वाजवून पाहिलं, तर सगळी पोरं सावधान झाली आणि वाजवायचं थांबली. साहेब एकदा आले, हवेत हात फिरवून त्यांनी फार सुंदर सही केली आणि गेले. मीही एकदा ताल धरला, पण चांगल्या पायाने धरायचा हे विसरलो. मंडळ पुढच्या शनिवारी सकाळी अकराला येतंय.

असो. आपल्या हातात काय आहे? सहज हकीकत कळवली. तू काळजी करू नकोस, गुडघ्यांना तेल लाव, मांजर आलं की कळव. वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहिला असता, पण आता आपल्यात वडीलधारी तूच उरलीस.

तुझा,
धांदरट भाचा (हे नाव तूच ठेवलंस)

ता. क. तुझं अकॉर्डियन सुखरूप आहे असं वर लिहिलंय, ते अगदी खरं आहे. फक्त ते माझ्याकडे नाही. घरात जागा नव्हती म्हणून मी ते गोदामात ठेवलं होतं, आणि हमालांनी ते ‘इतर’ ट्रकात भरलं. आता त्यावर पुलापलीकडच्या शाळेचा शिक्का आहे. रागावण्याआधी पुढचं वाच. त्याच्या पेटीच्या कप्प्यात तुझा जुना कागद सापडला, तुझ्या पहिल्या वर्गातल्या मुलांची यादी, प्रत्येकापुढे तुझा शेरा. मुख्याध्यापिका बाईंनी तो मोठ्याने वाचायला घेतला आणि एका नावाशी थांबल्या. शेरा होता, ‘बेसूर, पण हटत नाही.’ नाव त्यांचंच होतं. तू ओळखशील, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. त्या खूप हसल्या, मग पदर खोचला आणि तुझ्या गाण्याच्या खोलीतली मोडकी बाकं स्वतः बाहेर काढायला लागल्या. तुझी गाणं शिकवायची जागा रद्द झाली त्या दिवशी त्या खोलीत पहिलं मोडकं बाक मी नेऊन ठेवलं होतं. तू फाटकातून पाहिलंस आणि निघून गेलीस. नऊ वर्षं मला ते डाचतंय, कधी बोललो नाही. परवा शेवटचं बाकही मीच बाहेर काढलं. एका पायाने. खोली रिकामी आहे, मध्ये फक्त तुझं अकॉर्डियन आणि एक खुर्ची.

आणखी एक ता. क. पाकिटात मंगळवारच्या सकाळच्या बसचं तिकीट आहे. खिडकीची जागा आहे. त्या शाळेची पायरी पुन्हा चढणार नाही अशी तू शपथ घेतली होतीस हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी गवंडी बोलावून पायरी काढून टाकली आहे. आता नुसता उतार आहे.

शेवटचं ता. क. मंडळ पगार देत नाही, फक्त साहित्य देतं, म्हणून साहित्याच्या यादीत शेवटी मी एक ओळ वाढवली आहे. अनुक्रमांक दोनशे अठरा: आत्या. नग: एक. स्थिती: जुनी, पण सुरात. शेरा: जपून हाताळावी, ओरडते. बाईंनी त्यावर काल शिक्का मारला. आणि परतीचा फॉर्म आमच्या खात्यात नाही, हे वर लिहिलंच आहे.