खाली आलेली रेषा

प्रिय ताई,

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. घाई आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. आधी हे सांगते, बाबा शुद्धीवर आहेत. नाकातली ऑक्सिजनची नळी काढा म्हणून नर्सबाईंशी हुज्जत घालताहेत, म्हणजे मूळपदावर येताहेत.

माझं काम तुला ठाऊक आहे. राज्यातल्या घराघरांत वीज आणि गॅस किती लागतो ते बघायचं आणि त्यापायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला ते काढायचं. नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत मीटरला यंत्रं जोडली आहेत, त्यांचा आकडा विजेच्या तारेतूनच थेट माझ्या पडद्यावर येतो, प्रत्येक घराची एक रेषा. बाबांचं आणि तुझं घर मीच हौसेने त्यात घातलं. या हिवाळ्यात डोंगराकडच्या घरांचे आकडे घसरायला लागले. साहेब खूश. लोक शहाणे झाले, म्हणाले, मंत्र्यांना दाखवू. मीही खूश होते गं. पण काल, बाहेर बादलीतलं पाणी गोठलेलं असताना, बाबांच्या घराची रेषा जवळजवळ तळाला टेकली. एवढ्या थंडीत हीटर बंद?

फोन केला. मस्त चाललंय, म्हणाले. मग मला तुझ्या नावाने हाक मारली, आणि मग आईला चहा टाकायला सांगितलं. गेलेल्या आईला, ताई! मी फोन कानाला लावूनच जिना उतरले. गाडीत बसून त्यांना हाका मारत होते. पलीकडून नुसता श्वास येत होता, पुढे तोही ऐकू येईना.

दार आतून बंद. शेजारच्या सुताराने पहार घालून ते उचकटलं. आत खोली छान उबदार होती, आणि त्या उबेचीच मला जास्त भीती वाटली. खिडक्यांच्या फटींत कागद कोंबून वर चिकटपट्ट्या मारलेल्या. मधोमध कोळशाची शेगडी. धूर नाही, वास नाही, नुसते लाल निखारे. बाबा खुर्चीत मान टाकून पडलेले, गाल लालबुंद. मी त्यांना हलवलं तर डोकं दुसऱ्या बाजूला कलंडलं. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट ओढत बाहेर आणलं, तोवर माझंही डोकं गरगरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धवट जळलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, कोंडलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातो. आमच्या यंत्राला कोळसा दिसतच नाही गं. त्याला दिसते ती फक्त कमी झालेली वीज. अशी किती घरं असतील, या विचाराने अंगावर काटा येतो. साहेबांना सांगितलं, आकडा जाहीर करू नका, डोंगराकडे माणसं पाठवा. ते म्हणाले, ऑफिसच्या सगळ्या गाड्या घे.

आज सकाळी बाबांना विचारलं, हे कशाला केलंत? जन्मभर पोरांचे पेपर तपासलेले मास्तर ते. ओशाळून म्हणाले, तुझ्या परीक्षेत माझंच घर नापास झालं असतं तर ऑफिसात तुला खाली बघावं लागलं असतं. मी त्यांचा हात धरून रडले. ते मला थोपटत राहिले आणि अगदी सहज, स्वतःवरच खूश होत म्हणाले, थोरलीलाही सांगितली आहे ही युक्ती.

तेव्हापासून तुझा फोन लावतेय. बर्फाने वरच्या भागातले सगळे फोन बंद पडलेत. भाऊजी दौऱ्यावर, म्हणजे घरात तू आणि तुझी छोटी चिमणी दोघीच. ऑफिसात विचारलं, तुझ्या घराची रेषा काल संध्याकाळीच खाली आली आहे. मीच आले असते, पण मलाही तो वायू लागलाय, डॉक्टर सोडत नाहीत. आमचा मेकॅनिक जीप घेऊन निघतोय, चाकांना साखळ्या बांधून होईपर्यंत हे खरडलं. त्याला बजावलंय, बेल वाजवून वाट बघायची नाही, दार तोड, खिडक्या फोड, दोघींना बाहेर आण आणि मगच हे पत्र दे. एक परका माणूस असा घरात का घुसला, ते तुला कळावं म्हणून लिहिलं. काचांवरून मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. फक्त हे पत्र तूच वाच, ताई. दुसऱ्या कुणाला वाचावं लागू नये.

तुझीच,
धाकटी