आईचा न धुतलेला कांगा

म्वाजुमा,

तुला आई म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून नावानंच लिहितेय. मी सकाळच्या बोटीनं मावशीकडे मोंबासाला जातेय. बाबांना तूच सांग.

किपुसा तू आणलेल्या मांजराच्या पिल्लावर फिस्कारते म्हणून तिच्यावर झाडू उगारू नकोस. म्हातारी मांजर आहे ती. नवरी घरात आली की ऊद जाळतातच, तूही घरभर धूर फिरवलास. तुझं चुकलं असं नाही. पण त्या धुरात आईचा वास गेला. आई गेल्यापासून किपुसा त्याच वासावर तग धरून होती. आता खाण्यापुरती सोडली तर गच्चीवरून खाली उतरत नाही.

माझ्या पेटीत आईनं शेवटी पांघरलेला सुती कांगा आहे. मी तो धुतलेला नाही. पिल्लाला त्यानं हलक्या हातानं पूस आणि त्यावरच निजव. किपुसा हुंगत येईल. मासा आधी तिला, मग पिल्लाला.

जोडीतला दुसरा कांगा मी नेतेय.

आणि हा कांगा कधीतरी तूही खांद्यावर घे. परत आल्यावर मला तुझ्यावर फिस्कारायचं नाहीये.

सिती