टोपल्या होऊन उरलेले एकतीस

॥ श्री ॥
मानवत, ता. ३ एप्रिल १९८७

ती. सौ. प्रभाअक्का हिचे चरणी धाकटा भाऊ दिनकर याचा सा. न. वि. वि.

इकडील क्षेम. कावेरीची कंबर बरी आहे, माझी जीभ आहे तशीच आहे. विशेष हे की तुझा भाऊ लेखक ठरला. परभणीचे छापखानेवाले अण्णासाहेब माझ्या साप्ताहिकातल्या लेखांचं पुस्तक काढतो म्हणाले. चौदा वर्षं शाळा सुटल्यावर बसून तालुक्यातल्या तमाम शहाण्यांची टोपी उडवली, त्याचं सार्थक झालं. कात्रणं मात्र अक्षय्य तृतीयेच्या आत हवीत; नंतर छापखाना शाळांच्या प्रगतिपुस्तकांत अडकतो.

आमचं घर गळतं म्हणून परसाल ट्रंक तुमच्या माळ्यावर ठेवली होती. त्यात दोनशे बारा लेख आहेत. साप्ताहिक बंद पडलं, संपादक वारले, तेव्हा जगात दुसरी प्रत नाही. दाजींनी ट्रंक एस.टी.त घालून द्यावी.

दाजी सांगत होते, तू गल्लीतल्या बायका जमवून फुकटातल्या वस्तूंचा कारखाना काढला आहेस. जुन्या लुगड्यांची पायपुसणी, सलाईनच्या नळ्यांचे मासे आणि काय काय. असल्याच एका महिला मंडळावर मी लेख लिहिला होता, तो ट्रंकेत सापडेल. वाचलास तर रागावू नकोस.

लोभ आहेच, पुस्तक निघाल्यावर थोडा वाढवावा.

तुझा दिनू

बोरी, ता. ९ एप्रिल

चि. दिनूस अनेक आशीर्वाद. पुस्तकाचं ऐकून यांनी गल्लीत पेढे वाटले. मला मात्र घास उतरेना. ट्रंक ठेवताना तू काय म्हणालास ते आठव: अक्का, माझी ही रद्दी सांभाळ. लेखक माणूस नम्रपणाने बोलतो हे आम्हाला कुठलं ठाऊक? माघात मंडळाला कागद कमी पडला. कागद फाडून चार दिवस भिजवायचा, भिजलेली मेथी वाटून घालायची, उखळात कुटायचं आणि लगदा उपड्या घागरीवर थापून उन्हात वाळवायचा, की भाकरीची टोपली तयार. मेथीने कसर लागत नाही. तुझा कागद जुना, लगदा लोण्यासारखा निघाला. त्रेचाळीस टोपल्या झाल्या, एकीलाही तडा नाही. पण जिवाला लावून घेऊ नकोस, कारण

कार्डावरची जागा संपली. उरलेलं मागाहून.

प्रभा

मानवत, ता. १३ एप्रिल

ती. अक्कास नमस्कार. साष्टांग घालण्याइतकी पाठ आज वाकत नाही.

कारण? याला कारण असतं होय? ज्या लेखांपायी एका सभापतीने माझ्या बदलीचा घाट घातला, ते आता तुमच्या मंडळातल्या बायनाबाईच्या घरी भाकऱ्यांखाली बसले आहेत. वाळवीने सोडलं ते सख्ख्या बहिणीने कुटलं. अण्णासाहेबांसमोर काय ठेवू, टोपली? शेहेचाळीस वर्षांच्या मास्तराचं उभ्या जन्मात एक पुस्तक निघणार होतं, अक्का. एकच. काल रविवारभर पुन्हा लिहायला बसलो, तर नऊ लेखांची नुसती नावं आठवली.

टोपल्यांना तडा गेला नाही याबद्दल अभिनंदन. कावेरी म्हणते एवढं तोडून लिहू नये. म्हणून लोभ असावा, हे तिच्या वतीने.

दिनकर

बोरी, ता. १७ एप्रिल

चि. दिनूस आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटाही.

कार्ड संपलं म्हणजे अक्काची अक्कलही संपली, असं धरून बसलास. आमच्या पोस्टात आठवडाभर नवं कार्ड नव्हतं. सोबतचा गठ्ठा आधी मोज. एकतीस आहेत.

ऐकल्याशिवाय फाडायचं नाही, हा आमच्या मंडळाचा नियम. आम्ही अकरा जणी, वाचता येतं दोघींना. मी एकेक लेख मोठ्याने वाचायची. हसू आलं तर लेख पत्र्याच्या डब्यात, नाही आलं तर घंगाळात. सभापतीवरचे झाडून सगळे भिजले. तानुबाईचं म्हणणं पडलं की शिव्या लय चांगल्या हायेत, पण त्यात माणूस दिसत न्हाई. बायकोवरचे सतरा मत न घेताच घंगाळात गेले. पण गंगाखेडच्या उसाच्या गाडीमागे कांड्यासाठी पळणारे हेडमास्तर तीनदा वाचायला लागले. बायनाबाई तर मुसळ टाकून भिंतीला टेकली.

आणि ज्या लेखाची तुला भीती, तो महिला मंडळाचा, सगळ्यांत गाजला. आम्ही त्यात हुबेहूब आहोत. फक्त लगदा चुलीवर शिजवतात असं तू लिहिलंस, ते साफ चूक. चतुराबाईने बजावलंय, ते दुरुस्त केल्याबिगर छापायचं न्हाई, लोक बोरीला हसतील.

दिनू, तू तुझं लिहिणं कधी कुणाला वाचून दाखवलं नाहीस. आम्ही ते ऐकलं आहे. डब्यातलं जपण्यासारखं आहे, असं तुझी बहीण म्हणून नव्हे, मंडळाची अध्यक्षीण म्हणून सांगते. राग ओसरला की लोभ धाडून दे.

प्रभाअक्का

मानवत, ता. २९ एप्रिल

ती. सौ. अक्काचे चरणी दिनकरचा साष्टांग, या खेपेला पुरता वाकून.

मागचं माझं पत्र उखळात घाल. एकतीस लेख एका बैठकीत वाचले. गेलेल्या एकशे एक्क्याऐंशींसाठी हळहळायचा मनापासून प्रयत्न केला, जमलं नाही. कावेरीला सतराची हकिकत वाचून दाखवली. मंडळात मानवतचं माणूस चालतं का, असं तिने विचारलंय.

परवा परभणीला गेलो. अण्णासाहेबांनी समोरच वाचायला घेतलं, आणि हेडमास्तरांपाशी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, दोनशेंच्या नावाने आपल्याला धडकी भरली होती, ही नेमकी निवड केली कुणी? माझी, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण अक्का, खरं सांगताना जी छाती फुगली ती खोटं बोलून फुगली नसती. म्हटलं, बोरीच्या अकरा बायकांची, थोरली माझी बहीण. चुलीची चूक त्यांच्यासमोर बसून दुरुस्त केली. प्रस्तावनेसाठी ते औरंगाबादचे कुणी प्राध्यापक गाठणार होते. मी सांगितलं, प्रस्तावना तानुबाईची. ती सांगेल ते तू उतरवून घे. काना-मात्रा बदललीस तर तुझ्यावरच लेख लिहीन.

अकराही जणींना माझा नमस्कार. लोभ किती आहे ते लिहायला मी आता हात आखडत नाही.

तुझा दिनू

बोरी, ता. ६ मे

चि. दिनूस अनेक आशीर्वाद. तानुबाई दोन दिवस नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून आली, ताठ बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. खाली तिचा अंगठा आहे, तोही छापायचा. आम्हा सगळ्यांचा लोभ या कागदात बांधून धाडला आहे.

तुझी अक्का

प्रस्तावना

ह्यो मास्तर आमच्या प्रभाअक्काचा भाऊ. त्यानं दोनशे बारा लिवले. आमी समदे ऐकले. ज्याला हासू आलं न्हाई ते भिजवले, त्याच्या टोपल्या लय मजबूत झाल्या. हे एकतीस राहिले. ह्याच्या टोपल्या करू नगा.