देवघरातला शिक्का

सोमवार, ६ जानेवारी १९०८

काल राजेसाहेबांचे तेरावे आटोपले. वारस सहा वर्षांचा. तो वयात येईपर्यंत संस्थान कोणी चालवायचे, ते आज इंग्रज एजंटसाहेबांच्या तंबूत ठरले. तिघांचे कौन्सिल — दिवाण बळवंतराव, राणीसाहेबांचे बंधू उदाजीराव आणि साहेबांच्या मर्जीतला एक. हाताखाली दरबारचा चिटणीस; ती जागा सध्या रिकामी.

ती जागा माझी आहे. बावीस वर्षे दफ्तर सांभाळतो. मोडी, फारसी, इंग्रजी — एकही कुणी शिकवली नाही, पुस्तके मागून आणून शिकलो.

पण साहेबांनी मेख मारलीच. राजेसाहेबांनी हयातीत केलेल्या नेमणुका कायम. नव्या नेमणुकीला इंग्रजी परीक्षा पास झालेलाच इसम. मजजवळ सर्टिफिकीट नाही.

बाहेर आल्यावर बळवंतराव म्हणाले, "तुमचं मी बघतो." नको तितक्या हळू म्हणाले. काय बघणार?

मंगळवार, ७

नव्या धन्याच्या नावाचा शिक्का अजून कोरायचा आहे. तोवर जुना उमटवायचा नाही, असा रिवाज. धनी गेला त्याच दिवशी तो खारव्याच्या लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवला. गाठ मी मारली, वर लाख मी ओतली. आज पाहून आलो. जशीच्या तशी.

गुरुवार, ९

उमाशंकर — इंदुराहून आलेला बी. ए. — दुपारी दिवाणांच्या खोलीत दीड तास. दार लोटलेले. चहा दोनदा आत गेला.

शनिवार, ११

उमाशंकर कचेरीच्या पायरीवर भेटला. भावाला 'भिया' म्हणायची त्याची इंदुरी लकब. "काय भिया, दफ्तराच्या चाव्या केव्हा देताय?" मी चाव्यांवर हात ठेवला, तेव्हा म्हणतो, "अहो, मजाक केली!"

चाव्या तिथल्या तिथे मोजल्या. अकरा. बरोबर.

रविवार, १२

दर्शनाचे निमित्त करून देवघरात गेलो. गाठ माझी नाही! मी उजवीकडून फिरवतो, ही डावीकडून. लाखही उजळ. आणि आमच्या दरबारात डावखुरा माणूस एकच — बळवंतराव.

उघड आहे. मेलेल्या धन्याच्या शिक्क्याने मागली तारीख घालून उमाशंकरची नेमणूक केली. हयातीतली म्हणजे कायम!

घरी येऊन बायकोला, कुसुमावतीला, सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, बळवंतरावांनी तुमचं काय घोडं मारलंय? एकदा जाऊन विचारा तरी त्यांना."

विचारायचे? म्हणजे त्याला सावध करायचे.

साहेबांना अर्ज लिहिला. इंग्रजीत, चार वेळा खोडून. कुणाकडून तपासून घेतला नाही.

बुधवार, १५

तंबूत चौकशी. बळवंतरावांच्या पेटीतून शिक्क्याचा एक कागद निघाला. साहेबांनी मजकुराची बाजू दुमडून धरली, खालची तारीख आणि शिक्का तेवढा दाखवला. मजकूर न पाहता सांगा म्हणाले — परीक्षाच!

मी सांगितले. शिक्का खरा. तारीख २० डिसेंबरची, ती खोटी. डिसेंबरात कचेरीत घरची शाई होती, ती वाळली की तांबूस दिसते. ही निळसर शाई २ जानेवारीला बदनावरहून आली. बाटल्या मी उतरवून घेतल्या.

बळवंतराव माझ्याकडे पाहत होते. "खात्रीनं सांगता?"

"खात्रीनं."

"मग माझं काही म्हणणं नाही."

साहेब म्हणाले, असा बारकावा त्यांनी हिंदुस्थानात पाहिला नाही. आता चिटणिशीला अडचण कसली?

गुरुवार, १६

बळवंतराव बडतर्फ. सकाळी छकड्यातून देवासला भावाकडे गेले. दफ्तरावरून जाताना त्यांनी नमस्कार केला. मी कामात आहे असे दाखवले.

चिटणीस कोण, ते अजून जाहीर नाही.

शुक्रवार, १७

चिटणीस उमाशंकर. परीक्षा पास म्हणून.

तो खोटा कागद 'रद्द' शेरा मारून दाखल करण्यासाठी माझ्याकडे आला. आज प्रथमच उलगडून वाचला. दरबारच्या चिटणिशीवर नेमणूक. नाव माझे — वडिलांच्या नावासकट, बावीस वर्षांच्या चाकरीच्या उल्लेखासकट. मराठी मजकूर बळवंतरावांच्या हातचा. साहेबांसाठी खाली इंग्रजी तर्जुमा, तो उमाशंकरच्या हातचा.

शेरा अजून मारलेला नाही.