कोणत्याही प्रश्नाला चालणारा निबंध

३ जानेवारी, सकाळी साडेसहा
ठरलं! साहेबांनी नोटीस लावली आहे. संग्रहालयात गाईडची एक जागा. अट अशी: शाळेची शेवटची परीक्षा पास, त्यात इतिहास आणि तत्त्वज्ञान हवंच, वय पंचेचाळीसच्या आत. माझे हे दोनच विषय राहिलेत (दोनदा. परीक्षक खडूस). जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण, म्हणजे ही शेवटची संधी. पहारेकरी म्हणून एकोणीस वर्षं त्याच दालनात उभा आहे, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. पण इतिहासाशेजारी एकोणीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला इतिहास कोण शिकवणार? दोन महिने रग्गड झाले.

५ जानेवारी
टाइमटेबल केलं. चार रंगांत. हिरवं पेन संपलं, म्हणून तत्त्वज्ञान पुढच्या आठवड्यात.
लेकही यंदा याच परीक्षेला आहे. तिला म्हटलं, अडलं तर विचार हो. बरं म्हणाली. अजून काही अडलेलं नाही. लाजत असणार.

११ जानेवारी
संध्याकाळच्या वर्गाच्या सरांनी दर आठवड्याला सरावाचे दोन निबंध मागितलेत. परीक्षेपर्यंत सोळा! माणसाला नोकरी असते, संसार असतो, हे या सरांना कुणी सांगितलंय की नाही?
पहिला प्रश्न: छपाईयंत्र आल्यावर समाज किती बदलला? दुसरा: स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल ते करणं का? दोन्हीवर अर्धा तास विचार केला. पहिल्याचं उत्तर: खूप. दुसऱ्याचं: नाही. आता याची चार-चार पानं करायची कशी?

१९ जानेवारी
युरेका. सोळा निबंध कशाला? एकच असा लिहायचा की कुठल्याही प्रश्नाला चालेल. फक्त विषय बदलायचा. आजवर हे कुणाला कसं सुचलं नाही?
सुरुवात जमलीसुद्धा. ‘कोणतीही गोष्ट एकाएकी घडत नाही. तिच्यामागे अनेक कारणे असतात. (येथे विषय घालावा) हाही याला अपवाद नाही.’ वाचून स्वतःलाच बरं वाटलं. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण कशाबद्दल आहे? हीच तर त्याची ताकद आहे.

२६ जानेवारी
वीसपैकी चार. सर म्हणाले, यात सगळं आहे, तुम्ही तेवढे नाही. म्हणे, स्वतः पाहिलेलं एक तरी उदाहरण घाला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की उदाहरणं पोरंसोरं देतात. सरांनी वही मिटून परत दिली. पटलं असणार.

९ फेब्रुवारी
वर्ग सोडला. तिथे माझी प्रगती खुंटत होती.

१५ फेब्रुवारी, दुपारी
दालनात फेऱ्या मारत पाठांतर चालू. चार पानं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. एका पाहुण्या बाईंनी साहेबांकडे तक्रार केली की पहारेकरी पुटपुटत मागे मागे येतो. साहेबांनी झापलं. मोठं काम करणाऱ्याला हे सोसावंच लागतं.
लेकीचे अकरा निबंध झाले. माझा एकच, पण पक्का.

१२ मार्च
तत्त्वज्ञान. प्रश्न: दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळू शकतं का? जराही घाबरलो नाही. हात आपोआप चालला. पन्नास मिनिटांत पेपर देऊन बाहेर. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

१४ मार्च
इतिहास. प्रश्न: यंत्रांमुळे बायकांचं काम कसं बदललं? पंचेचाळीस मिनिटं! लेक तीन तास पूर्ण लिहीत बसली. मुद्दे सापडत नसतील पोरीला.

२८ एप्रिल
लेक पास, दोन्ही विषयांत उत्तम. माझ्या नावापुढे: निकाल राखून ठेवला आहे. बायको घाबरली. मी समजावलं की फार वेगळे पेपर ते पुन्हा एकदा वाचतात.

४ मे
पत्र आलं. कॉपीचा संशय! मी आणि कॉपी?

१० मे, दुपारी चार
चौकशी झाली. तिघं बसले होते. माझे दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवलेले. शब्दन् शब्द सारखा, आणि दोन्हींत चार-चार वेळा स्वच्छ अक्षरात: (येथे विषय घालावा). पाठ करताना कंसही पाठ झाला की काय कोण जाणे. अध्यक्षबाई म्हणाल्या, चिठ्ठी कुणी दिली ते सांगा. मी म्हटलं, देवाशपथ माझंच आहे. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. विषय सोपा: आज सकाळी घरून इथवर कसे आलात? दहा ओळी.
सकाळी काय कमी झालं होतं? बस चुकली. भर रस्त्यात चपलेचा अंगठा तुटला, तर सोबत आलेल्या लेकीने आपल्या केसांतली पिन काढून तो टाचून दिला. पण पेन हातात घेतलं आणि माझं मलाच ऐकू आलं: कोणतीही गोष्ट एकाएकी घडत नाही.
थांबवायला गेलो. हात थांबेना. कंसासकट लिहिलं. अध्यक्षबाईंनी वाचलं, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२१ मे
निर्णय: कॉपी केलेली नाही, असं समितीचं ठाम मत. निर्दोष! दोन्ही विषयांत शून्य.
बायकोला पहिलं वाक्य वाचून दाखवलं. पत्र तिने हातातून घेतलं आणि दुसरं स्वतः वाचलं.

१७ जून
पंचेचाळीस पूर्ण. अर्जाची खिडकी माझ्यापुरती बंद. वाईट वाटलं, लपवण्यात काय अर्थ आहे?

६ जुलै
नवी गाईड रुजू झाली. लेकीच्याच वयाची. टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या बोर्डाबद्दल विचारत होती, म्हणाली पाटीवर नुसतं सालच आहे. मी म्हटलं, आधी कारणांची गुंतागुंत समजून घे. ती म्हणाली, ते नको काका, तुम्ही इथे काय पाहिलंत ते सांगा ना.
काय सांगणार? सहा वर्षांपूर्वी एक म्हातारी आली होती, तेवढं सांगितलं. दोरी ओलांडून थेट बोर्डासमोर उभी राहिली, मी हटकायला धावलो. तर म्हणाली, तेवीस वर्षं मी इथे बसत होते. बोर्डाला हात न लावता बोटं हवेत भराभर फिरवून दाखवली. शहरात कुणाकडे कोण वारलं ते हिला घरच्यांच्या आधी कळायचं, कारण दवाखान्याचा फोन हीच जोडून द्यायची. ओळखीचं घर असलं तरी फक्त ‘जोडते हं’ एवढंच म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. मी तिला माझं स्टूल दिलं. तासभर बसली होती.
नव्या गाईडने सगळं वहीत उतरवून घेतलं. दुपारच्या गटाला तेच सांगितलं, जसंच्या तसं. तीस-एक माणसं, पण कुणी हललं नाही. एका बाईंनी डोळे पुसले. मग सगळ्यांनी गाईडसाठी टाळ्या वाजवल्या.
दाराशी उभं राहून मीही वाजवल्या.