दबक्याची बहीण

सोनाळा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्राची,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, हरभरा घाट्यांवर आला आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. ‘तपासणीला येऊ का’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, आधी दबक्या.

तुझ्या पुस्तकासाठी तू काढलेली दबक्याची चित्रं मिळाली. माणूस संपून पाच कोटी वर्षं झालेली, समुद्र सातपुड्याच्या पायथ्याशी आलेला, आणि आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचा हा वंशज वासराएवढा होऊन प्रवाळाच्या कपारीत दबा धरून बसलेला! लहानपणी आपण वहीत काढायचो त्याहून देखणा झालाय. डोळ्यांमागची मीठ बाहेर टाकणारी ग्रंथीही तू ठेवलीस. समुद्र न बघता हे सुचावं ते आपल्यासारख्या, गावच्या विहिरीचं खारं पाणी पिऊन वाढलेल्या पोरांनाच. मला तशी ग्रंथी असती तर डायलिसिससाठी अकोल्याच्या चकरा वाचल्या असत्या.

विज्ञानाचा मास्तर म्हणून एक हरकत मात्र घेतो. जुनं कवच टाकल्यावर दबक्या मऊ पडतो, तेव्हा त्याची बहीण शिकार सोडून कपारीच्या तोंडाशी उभी राहते, असं तू लिहिलंस. शिकारी प्राणी असं करत नाही. मी समासात तीन कारणं लिहिली आणि तिन्ही खोडली.

तुझ्या वहिनीने, सारिकाने, तुला माझ्या किडनीचं कळवलं म्हणून मी तिच्यावर चिडलो. तू तुझी द्यायला निघालीस म्हणून तुझ्यावरही. तुझ्या संसाराचं कारण मी पुढे केलं, ते खरं नव्हतं. माहेरवाशिणीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. दर आखाजीच्या सणाला तुला साडी नेसवून सासरी पाठवणारा मी, हे कोणत्या तोंडाने घेऊ?

परवा आईजवळ हेच बोललो. घाटे सोलता सोलता ती म्हणाली, “लेकीचं घेत नाही, मले मालूम हाय. पण तू नाही म्हणून राह्यला, तं तिले का आनंद होऊन राह्यला? थे तिकडं रडून राह्यली.”

मला भीती वाटते, प्राची. जुळलं नाही तर, याची. आणि जुळलं तर त्याहून जास्त. तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

पण मला जगायचंय. हे मी सारिकालाही अजून सांगितलेलं नाही.

तू ये. येताना काही आणू नकोस, असं दर वेळी लिहायचो. या वेळी लिहिता येत नाही.

तुझ्याकडून घेणारा,
दीपकदादा