साबणाने गेलेली चमक

मंगळवार, संध्याकाळ. नाशिक.

सुटले एकदाची! कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर साखर जोडलेले स्निग्ध रेणू असतात. ते जास्त असले की पेशी जागा सोडून पळतात, असा माझा दावा. पण त्या रेणूंना चिकटून हिरवा चमकणारा रंग लावूनही तीन आठवडे मायक्रोस्कोपखाली पळणाऱ्या पेशीसुद्धा काळ्याठिक्कर! विषय बदलते, असं गाइड मॅडमना सांगणारच होते.

काल लॅबच्या बेसिनवर डबा धुताना हात थांबला. डब्याला आईनं दिलेलं तूप लागलेलं. साबण लावला आणि गेलं. अरे, रंग चढवण्याआधी पेशीही मी साबणासारख्याच द्रावणाने धुते की! आधी प्रथिनांवर काम करायचे, तेव्हाची सवय.

आज ते द्रावण वगळलं. पळणाऱ्या पेशी कडेकडेने हिरव्यागार चमकल्या. औषध देऊन ज्यांच्यात ते रेणू तयार होणं बंद केलंय, त्या जागच्या जागी, अंधारात. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्या परत करून दाखव." म्हणजे खूश आहेत.

आईला फोन केला. ती मळ्यात गुलाबाच्या जुड्या बांधत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अगं, तूप राखायचं होतं तर साबण लावलासच कशाला?"

आणि मी तीन आठवडे तिला म्हणत होते, जाऊ दे आई, तुला नाही कळायचं.